मॅनेजरचा उजवा हात

समजा, सोमवारी सकाळी तुमच्या ऑफिसात नवा बॉस रुजू झाला. कामात वाघ. झोपलेल्या टीमला खडबडून जागं करणारा, बुडतं टार्गेट खेचून आणणारा अशी त्याची ख्याती. फक्त त्याच्या दंडावर एक टॅटू आहे आणि तो एका हुकूमशहाच्या बिरुदाचा आहे. तुम्ही काय कराल? राजीनामा टाकाल? एचआरला मेल कराल? की मुकाट एक्सेल शीट उघडून बसाल?

लाजू नका. बहुतेक जण एक्सेल शीटच उघडतात. ईएमआय कुणाला चुकलाय?

इंग्लंडमधल्या संडरलंड या फुटबॉल क्लबवर 31 मार्च 2013 ला नेमकी हीच वेळ आली. आदल्या दिवशी संडरलंड मँचेस्टर युनायटेडकडून 1-0 हरलं होतं. सलग आठ मॅचेसमध्ये एकही विजय नाही, प्रीमियर लीगच्या धोक्याच्या रेषेपासून फक्त एका पॉइंटचं अंतर आणि उरलेल्या मॅचेस सात. त्याच रात्री मॅनेजर मार्टिन ओनील यांच्या हातात नारळ पडला आणि चोवीस तासांच्या आत त्यांच्या खुर्चीत पाओलो डी कानिओ येऊन बसला.

आता हा डी कानिओ म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगते, कारण तो सरळसोट व्हिलन असता तर वादच नव्हता. रोममधल्या एका कामगार वस्तीत वाढलेला हा पोरगा इंग्लंडमध्ये येऊन स्टार झाला. वेस्ट हॅमचे फॅन आजही त्याचं नाव काढलं की हळवे होतात. डिसेंबर 2000 मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या मॅचमध्ये समोरचा गोलकीपर दुखापत होऊन जमिनीवर पडला होता, गोल जवळजवळ मोकळा होता आणि बॉल थेट डी कानिओकडे आला. त्याने काय करावं? चक्क दोन्ही हातांनी बॉल झेलला आणि खेळ थांबवला! एव्हर्टनच्या घरच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याबद्दल फिफाने त्याला फेअर प्लेचा पुरस्कार दिला. आणि हाच माणूस 1998 मध्ये रेफरीला ढकलून अकरा मॅचेसची बंदी भोगून आला होता. एकूण काय, डोकं फिरलं की दोन्ही दिशांना फिरायचं.

मग तो लाझिओला परतला, म्हणजे त्याच्या लहानपणीच्या क्लबकडे. जानेवारी 2005 मध्ये रोमच्या डर्बीत, एएस रोमाला हरवल्यावर, त्याने आपल्या फॅन्सकडे बघून उजवा हात ताठ वर केला. मुसोलिनीच्या काळातली ती सलामी. ‘चुकून झालं’ म्हणायला जागाच राहिली नाही, कारण त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याने पुन्हा तेच केलं. दहा हजार युरोचा दंड झाला, एका मॅचची बंदी झाली. मी फॅसिस्ट आहे पण रेसिस्ट नाही, असं त्याने वृत्तसंस्थेला सांगितलं. त्याआधी आत्मचरित्रात मुसोलिनीबद्दल चार चांगले शब्द लिहून झालेच होते. आणि दंडावर गोंदवलेलं ‘डुक्स’. हा लॅटिन शब्द. अर्थ नेता. मुसोलिनीचं ‘इल ड्यूचे’ हे बिरुद त्यातूनच आलेलं.

हे सगळं गुपित नव्हतं. फोटो होते, पुस्तक दुकानात होतं. संडरलंडच्या बोर्डरूममध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, असं कुणी म्हणालं तर ते मला पटणार नाही.

हा विषय आमच्या ग्रुपमध्ये निघाला तो एका शुक्रवारी, पबमध्ये मॅच संपल्यावर. 2013 मध्ये आम्ही सगळेच शाळेत होतो. प्रीमियर लीगचं वेड नुकतंच लागलेलं, फॅसिझम म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला पाच मार्कांचा प्रश्न. आता मात्र सगळ्यांना पगार आहेत, बॉस आहेत आणि मतं तर आहेतच आहेत. हिंजवडीत कोड लिहिणाऱ्या आमच्या एका मित्राने ग्लास खाली ठेवून फर्मान काढलं, “मॅनेजरने मॅच जिंकून द्यायची. तो घरी कुणाची पूजा करतो, मला काय त्याचं?”

मुद्दा साधा आहे आणि म्हणूनच जोरकस आहे. प्लंबर नळ नीट करतो की नाही ते आपण बघतो, त्याने मत कुणाला दिलं ते विचारत नाही. सर्जनच्या हातात सुरी असताना तर नाहीच नाही. लोकशाहीत माणसाचं मत त्याच्यापाशी. उद्या नोकरी देताना विचारधारा तपासायची पद्धत पडली तर त्यात पहिला बळी डी कानिओसारख्यांचा जाणार नाही, तुमचा-माझा जाईल. मी फ्रीलान्स करते. माझी बिलं पास करणाऱ्या एका संपादकांची मतं आणि माझी मतं यांची कुंडली कधीच जुळणार नाही. त्यांनी माझी मतं विचारून मला काम दिलं असतं तर माझं भाडं थकलं असतं. त्यामुळे मित्राचं म्हणणं मला हसण्यावारी नेता येईना.

शिवाय माझी एक पंचाईत होती. मी लिव्हरपूलची फॅन. माझ्याकडे बिल शँक्लींचं चित्र असलेला टीशर्ट आहे आणि तो मी अभिमानाने घालते. 1959 ते 1974 या काळात दुसऱ्या डिव्हिजनमधला क्लब उचलून ज्यांनी इंग्लंडच्या शिखरावर नेला, ते शँक्ली. स्कॉटलंडमधल्या ग्लेनबक या खाणगावात जन्मलेले, पोरवयात खाणीत राबलेले आणि उघडपणे समाजवादी. सगळ्यांनी एकमेकांसाठी राबायचं आणि फळ वाटून घ्यायचं, हा त्यांचा फंडा फुटबॉललाही लागू आणि जगण्यालाही. लिव्हरपूलवाले आजही हे कौतुकाने सांगतात. मीही सांगते. मग मित्राने बरोबर तिथेच बोट ठेवलं, “तुझ्या मॅनेजरचं राजकारण क्लबचा वारसा आणि त्यांच्या मॅनेजरचं राजकारण खासगी बाब? की उलटं? एक काहीतरी ठरव.”

गप्प बसणं मला जमत नाही, हे ओळखीचे लोक जाणतात. पण तेव्हा मी फिंगर चिप्स खाण्यात बराच वेळ घालवला.

घरी येऊन वाचायला लागले आणि एक गोष्ट लक्षात आली. प्रश्न ‘मॅनेजरची मतं’ असा मोघम ठेवला की तो सुटतच नाही. प्रश्न ‘कुठल्या क्लबचा मॅनेजर’ असा विचारावा लागतो. आणि संडरलंडचं उत्तर तर त्यांच्या स्टेडियमच्या खालीच पुरलेलं आहे.

अगदी शब्दशः. स्टेडियम ऑफ लाइट हे संडरलंडचं मैदान 1997 मध्ये उघडलं, ते वेअरमाउथ कोळसा खाणीच्या जागेवर. ही खाण डिसेंबर 1993 मध्ये बंद झाली. डरहॅमच्या कोळसापट्ट्यातली ती शेवटची. त्या भागात पिढ्यान् पिढ्या बाप खाणीत नाहीतर जहाजबांधणीच्या यार्डात आणि शनिवारी दुपारी बाप-लेक दोघंही फुटबॉलला, असा रिवाज. गिरणगावाची गोष्ट ज्यांनी आजोबांकडून ऐकली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे गिरणीच्या जागेवर मॉल आणि टॉवर आले, त्यांच्याकडे खाणीच्या जागेवर फुटबॉलचं मैदान आलं. स्टेडियमच्या बाहेर खाणकामगाराच्या डेव्ही दिव्याचं स्मारक उभं आहे. स्टेडियमच्या नावातला ‘लाइट’ तोच, पाताळातून वर आल्यावर दिसणारा. आत वेअरमाउथच्या खाणकामगारांचा युनियन बॅनर जपून ठेवलेला होता.

डी कानिओची नेमणूक झाली आणि डरहॅमच्या खाणकामगार संघटनेने क्लबला कळवलं, आमचा बॅनर परत द्या.

मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच. दुसऱ्या महायुद्धात या गावावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, इथल्या यार्डांनी युद्धासाठी जहाजं बांधली, इथली पोरं फॅसिस्ट फौजांशी लढायला गेली. त्या घरांतल्या लोकांना क्लब सांगत होता की, सलामीचं काय घेऊन बसलात, रेलिगेशन बघा!

राजीनामा एकच आला, तो डेव्हिड मिलिबंड यांचा. ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री, संडरलंडचे व्हाइस चेअरमन. नव्या मॅनेजरची जुनी राजकीय वक्तव्यं हे कारण सांगून त्यांनी त्याच दिवशी पद सोडलं. टीकाकार म्हणाले, ते तसेही न्यूयॉर्कला नव्या नोकरीवर चालले होते, त्यांचं काय गेलं? खरं आहे. पण मिलिबंड यांचे वडील 1940 मध्ये नाझींपासून जीव वाचवून बेल्जियममधून इंग्लंडला पळून आलेले ज्यू निर्वासित. त्या मुलाने सलामीवाल्या माणसाशेजारी डायरेक्टर्स बॉक्समध्ये बसून सँडविच खावं, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. डरहॅम कॅथीड्रलचे डीन मायकल सॅडग्रोव्ह हे संडरलंडचे पक्के फॅन, त्यांच्या आईची कहाणीही अशीच. त्यांनी डी कानिओला खुलं पत्र लिहून फॅसिझमशी नातं तोडल्याचं स्पष्ट सांगा, असं म्हटलं. चिडून नाही, अगदी सभ्य भाषेत.

आणि डी कानिओ? पहिल्या प्रेस कॉन्फरन्समध्ये त्याला थेट विचारलं, तुम्ही फॅसिस्ट आहात का? त्याने उत्तर द्यायचं टाळलं, मला फुटबॉलबद्दल विचारा, असा सूर लावला. ‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो? दोन अक्षरं. दुसऱ्या दिवशी क्लबकडून निवेदन आलं की मी राजकारणी नाही, रेसिस्ट नाही आणि फॅसिझमच्या विचारसरणीला माझा पाठिंबा नाही. त्याच सुमारास आपले काही जवळचे मित्र कृष्णवर्णीय असल्याचंही त्याने ऐकवलं. हे वाचताना मला हसू आलं, कारण हे वाक्य आपण मराठीत किती वेळा ऐकलंय! ‘माझे कितीतरी मित्र अमुक समाजाचे आहेत’ असं म्हणून लोक पुढे जे बोलतात, ते त्या मित्रांसमोर बोलत नाहीत.

मग जे झालं ते फुटबॉलमध्ये नेहमी होतं. 14 एप्रिलला संडरलंडने कट्टर वैरी न्यूकॅसलला त्यांच्याच घरी 3-0 हरवलं. डी कानिओ सूटसकट गुडघ्यांवर घसरत टचलाइनवर धावला आणि त्याचा फोटो घराघरात पोचला. त्यानंतर एव्हर्टनवर 1-0. सीझन संपला तेव्हा क्लब सतराव्या नंबरवर, म्हणजे वाचलेला. पुढच्या सीझनपासून टीव्ही हक्कांचा नवा करार सुरू होणार होता, एकट्या ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचे तीन वर्षांचे तीन अब्ज पौंड! खाली घसरलो तर त्या ताटावरून उठावं लागणार, या भीतीपुढे सलामी कुणाच्या लक्षात राहणार?

आता इथे आपल्या घरात जरा डोकावू या. दुसऱ्या कुणाच्या फॅसिझमवर बोलणं सोपं असतं. आपल्याकडे फुटपाथवर प्रेमकथा आणि शेअर बाजाराच्या पुस्तकांमध्ये हिटलरचं आत्मचरित्र आरामात विकलं जातं. 2006 मध्ये खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं, स्वस्तिकासकट. मुंबईतल्या ज्यू समाजाने आवाज उठवल्यावर नाव बदललं. ‘या देशाला एक हिटलर पाहिजे’ हे वाक्य मी लोकलच्या लेडीज डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकलंय आणि म्हणणारी माणसं बहुतेक वेळा प्रेमळ असतात, लाडू आग्रहाने वाढतात. त्यांना म्हणायचं असतं, गाड्या वेळेवर धावाव्यात. पण नेमकं हेच मुसोलिनीबद्दलही म्हणतात की हो!

आणखी एक किस्सा आपल्याला जरा जास्तच जवळचा आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय टीमचे मॅनेजर ग्लेन हॉडल यांनी 1999 च्या जानेवारीत ‘द टाइम्स’ला मुलाखत दिली. अपंग माणसं मागच्या जन्मीच्या कर्माची फळं भोगतात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. कर्मविपाक! आपल्या आज्या हे रोज म्हणायच्या आणि कुणी भुवई उंचावत नव्हतं. इंग्लंडमध्ये गहजब झाला, खुद्द पंतप्रधान टोनी ब्लेअर टीव्हीवर त्याबद्दल बोलले आणि 2 फेब्रुवारीला हॉडल यांची नोकरी गेली. त्यांच्या डावपेचांशी या श्रद्धेचा काही संबंध होता का? अजिबात नाही. पण इंग्लंडची टीम अपंग इंग्लिश माणसाचीही टीम आहे आणि त्याचा मॅनेजर त्याला सांगत होता की तुझं हे असंच व्हायला हवं होतं. मला हॉडल जाणं बरोबर वाटतं. मित्राला ते सरळसरळ विचारस्वातंत्र्यावरचं अतिक्रमण वाटतं. या मुद्द्यावर आमचं अजून जुळलेलं नाही.

पण यातून मला माझ्या शँक्लीवाल्या अडचणीतून वाट सापडली. शँक्लींचा समाजवाद ज्याला पटत नाही अशा लिव्हरपूलच्या फॅनला शँक्ली कधी म्हणाले नाहीत की तू आमच्यातला नाहीस. संडरलंडच्या लाल-पांढऱ्या जर्सीत कधीकाळी गोलांचा पाऊस पाडणारे ब्रायन क्लफ घ्या. 1962 च्या डिसेंबरमध्ये गुडघा फुटला आणि त्यांचं खेळणं जवळजवळ संपलं. पुढे मॅनेजर म्हणून त्यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टला दोनदा युरोपियन कप जिंकून दिला. लेबर पक्षाचे उघड समर्थक, खाणकामगारांच्या बाजूने उभे राहिलेले, नाझीविरोधी चळवळीला नाव दिलेले. त्यांच्या राजकारणाने उजव्या मताचा फॅन वैतागत असेल, मान्य. चिडून त्याने रेडिओही बंद केला असेल. पण त्याला स्टँडमध्ये बसायची भीती वाटली नसेल. डी कानिओचा ताठ हात मात्र काही माणसांना उद्देशूनच असतो. तुम्ही इथले नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे डावं-उजवं असं समान माप लावून ‘दोघांनाही सोडा नाहीतर दोघांनाही धरा’ हे मला पटत नाही. टॅक्स किती असावा हे मत झालं. शेजारच्या सीटवरच्या माणसाने जगावं की नाही, याला मी मत म्हणत नाही.

मित्र एवढ्यावर थांबणारा नव्हता. त्याचा पुढचा सवाल मालकांचा. “मॅनेजरला फासावर चढवता आणि मालकाचा पैसा कुठून आला ते विचारत नाही!” ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी फंडाच्या पुढाकाराने न्यूकॅसल क्लब विकत घेतला गेला, तेव्हा स्टेडियमबाहेर फॅन्स नाचले. मॅनेजरच्या एका हातावरून वादळ आणि इथे एक अख्खं राज्य क्लबचा मालक झालं तर फटाके? हा वार मला चुकवता आला नाही. मालक निवडायचा अधिकार फॅनकडे नसतो, मॅनेजर मात्र क्लब निवडतो, असं मी म्हणाले. पण ते बोलतानाच मला कळत होतं की हे वकिली उत्तर आहे. ज्यांना प्रश्न विचारणं स्वस्त पडतं त्यांनाच आपण विचारतो.

स्वस्त-महागचा हिशेब डी कानिओच्या बाबतीतही दिसतोच. 2011 मध्ये स्विंडन टाउनने त्याला पहिल्यांदा मॅनेजर केलं, तेव्हाही टॅटू होता, पुस्तक होतं, फोटो होते. जीएमबी या कामगार युनियनने क्लबची स्पॉन्सरशिप काढून घेतली, रक्कम अगदी किरकोळ. बाकी देश झोपलेला. चौथ्या डिव्हिजनमधल्या मॅनेजरच्या विचारसरणीत कॅमेऱ्यांना रस नसतो. स्विंडन त्या सीझनला आपल्या डिव्हिजनमध्ये पहिलं आलं आणि विषय संपला.

म्हणून मला संडरलंडच्या संचालकांचा राग येतो, डी कानिओपेक्षाही जास्त. तो निदान लपवत नव्हता. त्यांना एक फोन करून विचारता आलं असतं की बाबा रे, त्या सलामीबद्दल आज तुझं काय म्हणणं आहे, आणि ते आधी आमच्या लोकांसमोर सांग, मग करारावर सही करू. तेही कोळसा खाणीवर उभ्या असलेल्या क्लबने, ज्याने काही आठवड्यांपूर्वीच नेल्सन मंडेला फाउंडेशनशी हातमिळवणी केली होती! पण आधी सही झाली, मग गदारोळ, मग निवेदन. आपल्याकडच्या ऑफिसांमध्येही ‘व्हॅल्यूज’चं पोस्टर रिसेप्शनवर लावलेलं असतं आणि इंटरव्ह्यू आतल्या केबिनमध्ये होतो.

शेवटी डी कानिओ गेला, सहा महिनेही पूर्ण झाले नाहीत. नव्या सीझनच्या पहिल्या पाच मॅचेसमध्ये एक पॉइंट, वेस्ट ब्रॉमकडून 3-0 पराभव आणि 22 सप्टेंबर 2013 ला गच्छंती. ड्रेसिंग रूममधले खेळाडू त्याच्या शिस्तीला कंटाळले होते. केचपवर बंदी, मोबाइल आणला तर समुद्रात फेकीन अशी धमकी, हरल्यावर सगळ्यांसमोर उद्धार. खेळाडूंनी थेट चीफ एक्झिक्युटिव्हकडे तक्रार नेली, असं तेव्हा छापून आलं. खाणकामगारांनी, डीननी, मिलिबंडनी जे मागितलं त्यातलं काहीच कारण म्हणून पुढे आलं नाही. मित्राच्या मते हाच त्याचा विजय. बघ, कामावरून ठेवला आणि कामावरूनच काढला!

सप्टेंबर 2016 मध्ये डी कानिओ इटलीत स्काय वाहिनीवर फुटबॉलच्या कार्यक्रमात बसायचा. एके दिवशी तो हाफ शर्ट घालून आला आणि कॅमेऱ्यात दंडावरचं ‘डुक्स’ दिसलं. प्रेक्षक भडकले आणि वाहिनीने त्याला कार्यक्रमातून बाजूला केलं. टॅटू नवा नव्हता. संडरलंडच्या टचलाइनवर तो सूट घालून उभा असायचा.